पायरवाडीचं खुजं जंगल

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल भलता आदर वाटणार नाही.

चाळीसेक वर्षांपूर्वी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते तेव्हा, पोलादपूरच्या वरच्या डोंगरात मी एक जंगल शोधून काढलं. ऐनाची झाडं. बुंधे माझ्या कवेत न मावणारे आणि उंची मात्र जेमतेम पाच-सहा हात. वर गाठीगाठींचं डोकं आणि त्यातून फुटलेला पाल्याचा झुबका. अशी झाडं मी कधी पाहिली नव्हती. डोंगराच्या त्या धारेवर उभी असताना माझी महाबळेश्वरला घेतलेली टोपी दोनदा उडाली. तेवढ्या पुराव्यावर मी ठरवलं की इथला वारा झाडांना वाढू देत नाही. ‘सततच्या वाऱ्याने खुजं राहिलेलं ऐनाचं जंगल’ असा नवा प्रकार मी इंग्रजीत, लॅटिन नावासकट लिहून काढला आणि एका लहानशा नियतकालिकाने तो छापलासुद्धा.

त्या झाडांना वाऱ्याने काहीही केलेलं नव्हतं. दर हिवाळ्यात माणसं त्यांच्यावर चढून कोयत्याने फांद्या उतरवत होती. त्या वाळवायच्या, भाताचं रोप टाकायच्या जागेवर पसरायच्या आणि पावसाच्या आधी जाळायच्या. याला राब म्हणतात, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी सांगलीकडची, उसातली. मला कोण सांगणार? म्हणजे, सांगणारी माणसं पन्नास पावलांवर गवत कापत होती. पण मी झाडं बघायला गेले होते ना! डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात भिंग, हातात मोजायची फीत. माणसांशी बोलणं हे समाजशास्त्रवाल्यांचं काम, अशी माझी पक्की समजूत होती.

याहून वाईट पुढेच आहे. ही चूक मला पाचएक वर्षांत कळली. मुळशीच्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून एक बाप्या तसल्याच खुज्या ऐनावर चढून फांद्या उतरवताना दिसला. कळलं आणि मी गप्प बसले. ते नियतकालिक तोवर बंद पडलं होतं. कोण वाचतंय, म्हटलं.

गेल्या पावसाळ्यात माझी नात ओवी माझ्या फोनवरचे जुने मेल साफ करत होती. मधेच ओरडली, “आजी, तुझ्या नावाचं जंगल आहे?”

मला वाटलं, बँकेच्या नावाने येतात तसलाच कुठला फसवा मेल असेल. नव्हता. निरनिराळ्या देशांतले शास्त्रज्ञ मिळून जगभरातल्या जंगलांची, गवताळ रानांची, दलदलींची एक सामायिक यादी करत होते. प्रत्येक देशाने आपापली रानं आपापल्या पद्धतीने मांडून ठेवली आहेत. एकीच्या फडताळात मोहरी डाव्या कोनाड्यात आणि दुसरीच्या उजव्या, तसला प्रकार. आता सगळ्यांची फडताळं एका पद्धतीने लावायची, म्हणजे ब्राझीलमधलं रान आणि सह्याद्रीतलं रान शेजारी ठेवून बघता येईल. काम असं चालतं: जमिनीवर एक चौकोन आखायचा, त्यातली झाडून सगळी झाडंझुडपं मोजायची, कुणी किती जागा व्यापली ते लिहायचं आणि एकमेकांसारखे चौकोन एका ढिगात घालून त्या ढिगाला नाव द्यायचं. नावाच्या मागे पहिल्यांदा लिहिणाऱ्याचं आडनाव लावायचा रिवाज आहे. माझे सहा चौकोन कुणीतरी जुन्या कागदांतून उकरून काढले होते. लॅटिन नाव, मागे माझं आडनाव आणि पुढे शेरा: ‘जगात इतरत्र नोंद नाही.’

नसणारच! जगात इतरत्र कुणी कोयत्याला वारा म्हटलं नसणार.

मेलमध्ये शेवटी लिहिलं होतं की डिसेंबरात चेक देशातल्या एक बाई येतील, तुमच्यासोबत ती मूळ जागा बघायची इच्छा आहे. नाही म्हणता आलं असतं. पण मी हो म्हटलं, कारण मला एक दुष्ट आशा होती. चाळीस वर्षांत एवढे रस्ते झाले, एवढी घरं झाली. त्यात ती झाडं पार तुटून गेली असतील. जंगलच नसलं की माझी थाप सुखाने मरेल. आपण चार फोटो काढू, हळहळ व्यक्त करू आणि परत येऊ.

*वीर*

लेकीकडे पनवेलला होते, तिथून रेल्वेने महाडजवळच्या वीर स्टेशनला उतरले. रिक्षावाल्याचं नाव संदेश, वय तिशीच्या आत.

“काय मॅडम, गडावर?”

“नाही, जंगल बघायला.”

“जंगल?” त्याने आरशातून मला नीट न्याहाळलं. “आमच्याकडं लोक गड बघायला येतात, न्हायतर मार्चात तळ्यावर. जंगल बघायला पयलंच गिऱ्हाईक.”

मी ऐटीत सांगितलं, मी काही नवखी नाही, तुझा जन्म व्हायच्या आधी महिनाभर महाडात राहून गेलेय. चवदार तळ्याला रोज फेरी असायची माझी.

“मग ठीक आहे,” तो खूश झाला. “माझ्या आजीची आई व्हती ना त्या दिवशी, पाणी प्यायलेल्यांत. तवा आठ-नऊ वर्षांची. आजी आम्हाला हात असा करून दाखवायची,” त्याने एक हात हँडलवरून काढून ओंजळ केली आणि रिक्षा जरा डुलली. “तुमी आलात तवा आजीची आई जिवंत व्हती. तळ्याच्या पायरीवर बसलेली असायची दुपारची. बघितली असंल तुमी.”

माझी तेव्हाची नोंदवही अजून माझ्याकडे आहे. तीत तळ्यावर अख्खी दोन पानं आहेत: दगडांच्या सांध्यांत उगवलेली नेची, पाण्यावरचं शेवाळ, कडेचा माका. पायरीवरच्या कुणाचीही नोंद नाही. संदेशने तळ्यावरूनच रिक्षा नेली. मी उतरले, पायरीपाशी गेले, आणि खरं सांगते, नेच्यांकडे बघायची लाज वाटली.

*महाड*

सुहास आणि मार्केटा पुण्याहून वरंधच्या घाटाने आले होते. सुहास माझा विद्यार्थी, आता स्वतःच डोक्यावरचे केस मोजण्याच्या वयाचा, आणि या जागतिक यादीचा इकडचा कारभारी. त्याचं आयुष्य उपग्रहाच्या चित्रांवर गेलेलं. झाडाला हात लावायचा प्रसंग क्वचित. मार्केटा म्हणजे मेलमधली ती चेक बाई: पन्नाशीची, उंच, पिकल्या केसांची एक वेणी, आणि हसताना आवाजच येत नाही, नुसते खांदे हलतात. पोचल्या पोचल्या ती लॉजच्या कंपाउंडमध्ये भिंतीशी पालथी पडून तण मोजत होती. मॅनेजर घाबरून पाणी घेऊन आला होता.

दुपारी आम्ही खानावळीत बसलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. मार्केटाने वालाचा एक दाणा चमच्यावर धरून सुहासकरवी विचारलं, “ही साल कोण काढतं?”

खानावळीच्या मालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “कोण काढणार? मी, माझी जाऊ आणि टीव्हीवरची मालिका.”

मार्केटाचे खांदे बराच वेळ हलत राहिले. तिची ही सवय मला पुढे दोन दिवस दिसत राहिली. काहीही दिसलं की ‘हे काय’ असं ती विचारायची नाही, ‘हे कोण करतं’ असं विचारायची. हे गवत कोण कापतं? हा दगड इथं कोणी लावला? तरुणपणी मला अशी एखादी भेटली असती तर मी तिला अशास्त्रीय म्हटलं असतं.

मग सुहासने लॅपटॉप उघडला. “बाई, सरप्राइज.”

एक फॉर्म होता. माझ्या जंगलाचा. परवा दुपारी सगळ्या देशांची ऑनलाइन बैठक होणार, तीत तो मंजूर व्हायचा आणि त्यातली शिफारस पुढे तालुक्यापर्यंत पाठवायची. मी चष्मा लावून वाचायला लागले. ‘प्रकार: अतिदुर्मीळ, नैसर्गिक. धोका: स्थानिकांकडून फांद्यांची तोड. शिफारस: संपूर्ण तोडबंदी, कुंपण.’

“गेल्या महिन्यात मी वर जाऊन आलो,” सुहास म्हणाला. “फार थोडं उरलंय, बाई. त्यातही ताजे घाव आहेत कोयत्याचे. सरपणासाठी तोडत असणार. वेळेवर पोचलोय आपण.”

“थोडं उरलंय म्हणजे? बाकीची झाडं तोडली?” मी शक्य तितक्या दुःखाने विचारलं.

“नाही ना! तोच तर धक्का आहे. बाकीची उंच झाली.”

“उंच?”

“वारा बदललाय, बाई. हवामानबदल. तुमचे जुने चौकोन आणि आत्ताची उंची, दोन्ही ताडून बघितली मी. त्या धारेवरचा वारा कमी होतोय याचा यापेक्षा सुंदर पुरावा सापडणार नाही.”

माझ्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. थाप मरेल म्हणून मी आले होते. तिला तर नातवंडं झाली होती.

*पायरवाडीची चढण*

दुसऱ्या दिवशी पोलादपुरातून जीपने वाडीपर्यंत गेलो. पायरवाडीत वीस-बावीस घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. एका ओटीवर म्हातारे गृहस्थ ऊन खात बसले होते. त्यांनी कोरा चहा पाजला आणि न विचारता घरांचा हिशेब दिला: हे कुर्ल्याला, हे नालासोपाऱ्याला, ह्यांचा मुलगा ठाण्याला, गणपतीत येतात. आमच्याकडे उसात माणसं बाहेरून येतात, पाचटाच्या कोप्या बांधतात, गाव फुगतं. इथे सगळी माणसं एका दिशेने निघून गेली होती आणि अंगणं तेवढी सारवलेली होती.

धारेवर पोचायला मला दीड तास लागला. पूर्वी मी तिथे उड्या मारत गेले होते आणि वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या बायांना ‘बाजूला व्हा’ म्हणाले होते. आता बाजूला व्हायची पाळी माझी होती, आणि बाजूला व्हायला सांगणारंही कुणी नव्हतं.

वर पोचले आणि मान मागे टाकून बघावं लागलं.

माझं खुजं जंगल आभाळाला गेलेलं होतं. बुंधे तेच. एकावर मी त्या वेळी गंजका खिळा ठोकला होता, तो सालीच्या आत अर्धा गिळलेला सापडला. पाच-सहा हातांवर त्या जुन्या गाठी होत्या, आणि त्या प्रत्येक गाठीतून मांडीएवढ्या चार-चार फांद्या सरळ वर निघून गेल्या होत्या, दोन मजले, अडीच मजले. हातावर लहान मुलं उचलून धरावीत तशी ती झाडं त्यांना धरून उभी होती. वारा माझ्या पदराशी झटापट करत होता. तो काडीचाही बदललेला नव्हता. बदललं होतं ते खाली, वाडीतल्या कुलूपबंद घरांत.

सुहास फांद्यांचे फोटो काढत “बघा, बघा” म्हणत होता. मार्केटा एका गाठीवर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने पिशवीत पाण्याची बाटली शोधायला लागले.

*भागाबाईची झाडं*

“उरलेला पट्टा पलीकडे आहे,” सुहास म्हणाला.

आडवं थोडं चालल्यावर तो दिसला. वीस-पंचवीस झाडं, अगदी माझ्या जुन्या फोटोतल्यासारखी, ठेंगणी, जाडजूड, झुबकेदार. तेवढ्यात त्यातल्या एका झुबक्यात मला दोन पाय दिसले. भेगाळलेल्या टाचा, वर गुडघ्यापर्यंत ओढलेलं काष्ट्याचं लुगडं.

“खालनं सरा रे! डोस्क्यात पडंल!”

पाल्याची भलीमोठी फांदी सुहासच्या पुढ्यात कोसळली. सुहास दचकून मागे सरला तो थेट खाजकुयलीच्या वेलात. पुढच्या मिनिटाला आमचे उपग्रहतज्ज्ञ शर्ट काढून नाचत होते. झाडावरून कोयता खाली पडला, मागोमाग एक म्हातारी सरसर उतरली. माझ्याच वयाची, अंगाने काटकी. तिने सुहासकडे एकदा बघितलं, खालच्या बांधावरून ओलं शेण आणलं आणि त्याच्या पाठीला, मानेला, हातांना असं चोपडलं की भिंत सारवतेय असं वाटावं.

“वाळू दे. मंग झाड. खाजवू नको रे, आईचं ऐक.”

आणि मग तिची नजर माझ्यावर गेली. डोळे बारीक झाले.

“तू ती काळ्या चष्म्याची ना गो?”

हिने मला ओळखलं होतं. चाळीस वर्षं!

“मी नवी नवरी व्हती तवा. हितं, ह्याच बांधावर गवताचा भारा टेकून बसलेली. तू फीत घेऊन झाडाच्या पोटाला मापं घेत व्हतीस. मी सासूला म्हटलं, शिंपीण दिसतेय. सासू म्हणाली, गप, सरकारी हाय. मला लई वाटलं, ही इकडं बघंल, काय तरी इचारंल. तू बघितलंस नाय.”

तिचं नाव भागाबाई. नवरा गेलेला, दोन्ही मुलगे मुंबईला. पूर्वी झाडावर पुरुष चढायचे आणि बायका खाली भारे बांधायच्या. आता चढणारं वाडीत कुणी उरलेलं नाही, म्हणून हीच चढते, हीच बांधते. बाकीच्यांनी भात सोडलं. हिचं भात आहे, म्हणून हिचा राब आहे, म्हणून हिची झाडं ठेंगणी आहेत. एवढं सगळं तिने कोयत्याला धार लावता लावता सांगितलं. म्हणजे माझा चाळीस वर्षांचा शोध तिने चार वाक्यांत निकालात काढला. पण हे ती फक्त मला सांगत होती. सुहास पलीकडे पाठ वाळवत होता.

तो आला, आणि शेणाने माखलेल्या अंगाने, हात जोडून, फार प्रेमाने तिला म्हणाला, “मावशी, उपकार झाले तुमचे. पण एक सांगतो, रागावू नका. ही झाडं जगात दुसरीकडे कुठे नाहीत. वाऱ्याने अशी झालीत. आता ती जपायची आहेत. पुढच्या वर्षापासून इथे कुंपण येईल. फांद्या तोडता येणार नाहीत.”

“मंग राब कशाचा भाजू?”

“काहीतरी सोय होईल.”

“राब नाय त रोप कुठलं? रोप नाय त लावू काय, दगड?” तिचा आवाज चढला नव्हता. ती खरोखरच विचारत होती. मग ती थांबली आणि हळूच म्हणाली, “वाऱ्यानं?”

आणि माझ्याकडे बघितलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी सुहासकडे बघितलं. तो माझ्याकडे इतक्या अभिमानाने बघत होता की ते वाक्य मी गिळून टाकलं. मी दगडावरच्या शेवाळाकडे बघितलं. मार्केटाने सुहासला विचारलं, “काय म्हणाल्या त्या?” सुहासने अर्धंमुर्धं भाषांतर केलं. आणि मी, जन्मभर पोरांना शिकवलेली बाई, म्हणाले, “जेवायची वेळ झाली.”

भागाबाईने फांद्यांचा भारा बांधला, एकटीने डोक्यावर चढवला आणि आमच्या पुढून उतरून गेली.

*पुन्हा महाड*

बैठकीचा दिवस उजाडला. मी लॉजच्या गच्चीवर बसून स्वतःची समजूत घालत होते. बैठक झाली की नंतर सावकाश पत्र लिहू. सुहासला एकट्याला गाठून सांगू. नाहीतरी कुंपण यायला दोन वर्षं लागतील. त्या काळ्या चष्म्यावाल्या पोरीला मी जन्मभर हसत आले, तिच्या टोपीवर घरच्यांना किस्से सांगितले. आणि आत्ता गच्चीवर कोण बसलं होतं? तीच. फक्त गुडघ्यांना तेल लावलेली. ती निदान अज्ञानी होती.

दुपारी चारला बैठक सुरू झाली. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं: जपानातले एक गृहस्थ संध्याकाळच्या दिव्यात, ब्राझीलची एक मुलगी सकाळच्या कॉफीसह, दक्षिण आफ्रिकेतले एक दाढीवाले, मागे त्यांचं मांजर. सुहासने माझी ओळख करून दिली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

“फॉर्मकडे जाण्याआधी बाई दोन शब्द बोलतील,” सुहास म्हणाला.

मी उठले, मग लक्षात आलं की उठल्यावर पडद्यावर माझं फक्त पोट दिसतं, म्हणून परत बसले. आणि म्हणाले, “ते जंगल वाऱ्याने झालेलं नाही. कोयत्याने झालंय. माझी चूक आहे आणि मला ती पस्तीस वर्षांपासून माहीत आहे.”

आफ्रिकेतलं मांजर तेवढं कॅमेऱ्यासमोरून चालत गेलं. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा जेवायची वेळ झाली म्हणाले असते. राब सांगितला, टोपी सांगितली, मुळशीची एसटी सांगितली, उंच झालेली झाडं म्हणजे बदललेला वारा नव्हे, गेलेली माणसं, हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, “भागाबाईंचा कोयता बंद केलात तर ते जंगल दहा वर्षांत संपेल, आणि त्याच्या आधी त्यांचं भात संपेल.”

सुहासकडे बघायची हिंमत नव्हती. त्याचा आवाज तेवढा आला, “बाई, माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तुमच्या वाऱ्यावर आहे.”

“तिसरंच ना?” असं माझ्या तोंडून निघालं आणि मलाच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग मार्केटा बोलली, शांतपणे. तिच्या आजोळी ओढ्याच्या काठाने विलोची झाडं आहेत, अशीच ठेंगणी, गाठीगाठींची. टोपल्यांसाठी त्यांच्या फांद्या दरवर्षी उतरवतात. माझा जुना फोटो पाहिला तेव्हाच तिला शंका आली होती. काल गाठीवर हात ठेवला तेव्हा खात्री झाली.

“मग बोलली का नाहीस?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तुमचं वय आहे, तुमचं नाव आहे. वाटलं, तुम्हीच सांगाल. साडेचारला फॉर्म मंजुरीला होता. सव्वाचारपर्यंत थांबणार होते.”

घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं झाली होती.

म्हणजे माझ्या पांढऱ्या केसांचा मान राखायला ही गप्प, आणि त्या मानापायी भागाबाईच्या हातातला कोयता जायची वेळ आली! आदर ही चीज इतकी घातक असते हे मला या वयात कळलं.

पुढचा धक्का जपानी गृहस्थांनी दिला. अतिशय अदबीने त्यांनी सांगितलं की नियमांप्रमाणे प्रकार तोच राहतो, कारण चौकोनांतल्या नोंदी चोख आहेत. फक्त कारण बदलायचं, ‘नैसर्गिक’ खोडून ‘माणसांनी राखलेला’ असं लिहायचं. आणि नाव? नाव पहिल्यांदा लिहिणाऱ्याचं. नियमच आहे. म्हणजे एवढी कबुली देऊनही त्या जंगलामागचं माझं आडनाव काही सुटायला तयार नाही.

सुहास चहापर्यंत माझ्याशी बोलला नाही. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, पण बशी न देता ठेवला, त्यावरून काय ते समजले. मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ‘धोका’ या रकान्यातली फांद्यांची तोड त्याने काढली होती आणि ‘कशामुळे टिकून आहे’ या रकान्यात टाकली होती. ‘धोका’ रकान्यात लिहिलं होतं: ‘तोडणारी माणसं उरली नाहीत.’ शिफारशीतलं कुंपण गेलं होतं.

“बरोबर आहे?” त्याने विचारलं.

“मला काय विचारतोस?” मी म्हटलं. “उद्या वर जाऊन तिला विचार.”

*पायरवाडी, निघायच्या दिवशी*

सकाळीच वर गेलो. भागाबाई अंगणात होती. परवाच्या फांद्या उन्हात पसरलेल्या आणि ती मधे बसून शेंगा निवडत होती. सुहासने सगळं सांगितलं, या वेळी एकेक वाक्य मार्केटासाठीही नीट भाषांतर करत. भागाबाईने कुठलं झाड कुणाच्या वाट्याचं, कुठलं किती वर्षांनी उतरवायचं, कुठली फांदी ठेवायची, हे बोटांवर मोजून दाखवलं. मार्केटा लिहीत होती. मधेच ती विचारायची, “आणि हे तुम्हाला कोणी शिकवलं?” तेव्हा भागाबाई कधी सासू म्हणायची, कधी दीर, कधी नुसतीच हसायची. मग मार्केटा आणि सुहास झाडांकडे गेले, नंबर घालायला.

मी मागे राहिले. शेंगा निवडू लागले. त्याही मला धड येईनात, तिने माझ्या पुढ्यातल्या काढून घेतल्या. मी म्हटलं, “भागाबाई, त्या वेळी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. परवासुद्धा तोंड उघडायला हवं होतं. आता चारपाच देशांच्या कागदांवर लिहून गेलंय की ही झाडं तुमच्या कोयत्यामुळे आहेत. कुणी तुमचा हात धरणार नाही.”

ती शेंगा निवडत राहिली. मग तिने ताट बाजूला सारलं, डावा पाय दोन्ही हातांनी धरून लांब केला आणि म्हणाली:

“बरं केलंस गो. पण तुमचं काय ते लिवायचं त झटकन लिवा. परवा उतरताना माझा गुडघा कडकड वाजला. पुढल्या साली मी काय झाडावर जात नाय, आन माझ्या मागं चढनारा कोन नाय. तुमची मानसं बघाय येतीत तवर झाडं सुटलेली असतील आभाळाला. मंग तू परत खोटी पडशील.”